मोटरहोम बांधायचंय: अख्खी व्हॅन, केबिनवर खाट, की सपाट तोंड?

सावदेकर_केळीवाला (सावदा, ता. रावेर)

राम राम मंडळी.

घरात बऱ्याच वर्षांपासून रेंगाळलेला विषय यंदा मार्गी लावायचं ठरलंय. फिरायला घरासारखी गाडी बांधायची. माणसं चार: आम्ही दोघं, बारावीतला पोरगा आणि आई. आईचे गुडघे गेलेत. देवदर्शनाची हौस दांडगी, पण लॉजचा संडास, तिथली ओली फरशी आणि दुसऱ्या मजल्यावरची खोली यांच्यापायी ती हल्ली "तुम्हीच जाऊन या" म्हणते. म्हणून हा खटाटोप. नाहीतर आम्हाला बोलेरो पुरते.

फिरणं जवळचंच जास्त. पाल, मनुदेवी, उनपदेव, पाटणादेवी, तोरणमाळ, दत्तजयंतीला सारंगखेडा. वर्षातून एकदा पंढरपूर, जमलं तर कोकण.

एका बॉडीवाल्याने तीन चित्रं काढून दिलीत. एक, ट्रॅव्हलरसारखी बंद व्हॅन घ्यायची, कंपनीचा पत्रा तसाच ठेवायचा, काम फक्त आतून. दुसरं, टाटा 407 ट्रकच्या जातीची चेसिस (चाकांवरचा खालचा सांगाडा), केबिन कंपनीची, मागे फायबरचा डबा, आणि तोच डबा पुढे केबिनच्या टपावर ओढून तिथे दोघांची खाट. तिसरं, बसची काऊल चेसिस घेऊन पुढूनमागून सगळी बॉडी आपणच बांधायची. सपाट तोंड, समोर ही एवढी काच.

पोराला दुसरं हवंय, कारण वरची खाट त्याची. धाकट्या भावाला तिसरं, कारण गाडी गावात शिरली की लोकांनी माना वळवल्या पाहिजेत. बायको म्हणते, ओटा कुठे येणार ते आधी सांगा. मला या तोंडातोंडांतला फरकच नीट उमगत नाही. पैशाचं नंतर बघू. कोणी बांधलीय, चालवलीय, आत झोपलंय का?

तापीकाठ (भुसावळ)

बापू, मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 ला टेकतो. रात्री अकराला गच्चीवर अनवाणी उभं राहवत नाही, आणि पोरगा पत्र्याखाली नाक लावून झोपणार म्हणतोय? तोंडाचं राहू द्या, आधी टपाचं बोला. एसीला वीज कुठून आणणार आहात?

आग्रारोड_बॉडी (धुळे)

केळीवाले भाऊ, माझा धंदाच बॉडीचा. टिप्पर, दुधाच्या गाड्या, शाळेच्या बस, रुग्णवाहिका, आणि अलीकडे अशी फिरती घरं. जरा सविस्तर लिहितो.

तुमच्या मिस्तरीने चित्रं बरोबर काढलीत, पण मुद्द्याची गोष्ट सांगितली नाही. ड्रायव्हरची जागा आणि राहायची जागा यांचा सांधा कुठे पडतो आणि कसा पडतो, सगळा खेळ तिथे आहे. अमेरिकेत या गाड्यांना क्लास ए, बी, सी म्हणतात. तिथला ए म्हणजे तुमच्या भावाची सपाट तोंडाची, बी म्हणजे अख्खी व्हॅन, आणि सी म्हणजे पोराची खाटवाली. अक्षरं लावताना क्रम उंचीचाही नाही आणि किमतीचाही नाही, तेव्हा त्यावरून चांगली-वाईट ठरवू नका.

व्हॅनमध्ये सांधाच नाही. कंपनीने दाबून वेल्ड केलेला एकसंध पत्रा, तोच पुढे, तोच मागे. म्हणून ती कुरकुरत नाही, गळत नाही आणि मुक्ताईनगरच्या रस्त्यावर आदळली तरी कपाटाची दारं जागेवर राहतात. अडचण रुंदीची. भिंती वरती आत झुकतात, त्यात उष्णतारोधक थर आणि प्लाय लावला की आणखी जागा जाते. मग आडवी खाट टाकली तर उंच माणसाला पाय दुमडून झोपावं लागतं. खाट लांबीतच टाकावी लागते, आणि चार माणसांच्या खाटा लांबीत टाकल्या की चालायला बोळ उरतो.

डबावाल्या गाडीत भिंती सरळ. तेवढ्याच लांबीत जागा कितीतरी जास्त निघते, संडास-बाथरूम मोकळं होतं. पण केबिन रबरी माउंटिंगवर बसलेली असते आणि डबा थेट चेसिसवर. खराब रस्त्यात चेसिस पिळते तेव्हा केबिन एका अंगाला जाते, डबा दुसऱ्या. दोघांना ताठ जोडलं तर पहिल्याच पावसाळ्यात चीर पडते. मध्ये जाड रबरी पट्टी द्यावी लागते, आणि केबिनची मागची भिंत कापाल तिथे चौफेर पाईपची चौकट बसवावी लागते, कारण ती भिंत काही शोभेला नव्हती.

आता महत्त्वाचं. ट्रक कोणता घेताय? जुन्या 407 ला पुढे छोटं नाक आहे, बॉनेट उघडून इंजिनाला हात घालता येतो, केबिन हलत नाही. तिथे मागची भिंत कापून आतून ये-जा करता येते. पण ज्या ट्रकची अख्खी केबिन पुढे कलंडून इंजिन उघडं पडतं, तिला डबा जोडणार कसा? ऑइल बदलायला केबिन पाडायची म्हटली तर वर तुमच्या पोराची खाट! जगभर मोठ्या ट्रकवर घरं बांधतात ते तिथे भाता बसवतात, रेल्वेच्या दोन डब्यांमध्ये असतो तसा, आणि त्यातून वाकून जावं लागतं. आईंचे गुडघे बघता तो विषयच सोडा. टपावर डबा आला की कलंडणारी केबिन बाद, एवढं मिस्तरीला स्वच्छ विचारा. त्याने मान डोलावली आणि कारण नाही सांगितलं, तर दुसरा मिस्तरी बघा.

टपावरच्या खाटेबद्दल माझं मत कडक आहे. कोकणात, हिमाचलात चालेल. आपल्याकडे नाही. गरम हवा वर चढते, आणि खाटेपासून छत दोन-अडीच फुटांवर. दिवसभर तापलेला टप मध्यरात्रीपर्यंत थंड होत नाही. त्यात पुढची सपाट छाती वारा अडवते, डिझेल जास्त पितं, आणि गाडी नाकावर वजनदार होते. गळती लागली तर पहिली तिथेच लागते, केबिनवर पुढे आलेल्या त्या पोटाच्या खालच्या कोपऱ्यात. चालत्या गाडीत पाऊस समोरून मारतो आणि पाणी सांध्यात वर चढतं. गादी उचलून बघेपर्यंत कोणाला पत्ता नसतो, तोवर आतला प्लाय काळा पडलेला असतो.

तिसरं चित्र. आग्रा रोडवर तुम्ही नुसत्या चेसिस पळताना पाहिल्या असतील. ना केबिन, ना काच, ड्रायव्हर तोंडाला पंचा गुंडाळून गॉगल लावून उघड्यावर बसलेला. तीच काऊल चेसिस. बाकी सगळं आम्ही बांधायचं. फायदा असा की आत पायरी नाही, जमीन पुढून मागून सलग, बाहेरची पूर्ण रुंदी घराला मिळते, आणि रात्री ड्रायव्हरची जागासुद्धा बैठकीत धरता येते. पण समोरची काच, तिचा वायपर, तिचं पाणी, पुढून ठोकर बसली तर पाय कुठे जातील, हे सगळं बॉडी बांधणाऱ्याच्या अकलेवर. ट्रॅव्हलरला कंपनीने जी काळजी घेतली ती इथे तुम्हाला पैसे मोजून घ्यावी लागते. शिवाय पुढे इंजिन असलेल्या छोट्या बसमध्ये इंजिन ड्रायव्हरच्या मांडीला लागून, झाकणाखाली. मे महिन्यात नरडाण्यापासून चोपड्यापर्यंत चालवून बघा. आणि भावाला सांगा, लोक माना वळवतात त्या हॉर्नला.

कागदाचं थोडक्यात. मोटर कॅराव्हॅनसाठी एआयएस-124 असं वेगळं मानक आहे. स्वतःच्या वापराची कॅम्पर व्हॅन खासगी म्हणून नोंदवता येते, भाड्याने दिली की प्रकार बदलतो. पण प्रवासी गाडी घेऊन गुपचूप आत घर करून टाकलं, असं चालत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहे, आणि 2019 मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यावर स्पष्ट सांगितलंय की कंपनीने दिलेल्या मूळ स्वरूपात असा फेरफार करता येत नाही. मान्यता असलेल्या बांधणाऱ्याकडूनच करा आणि चेसिस घेण्याआधी आरटीओत विचारा. एकूण वजन 7500 किलोच्या आत ठेवलं तर तुमचं साधं हलक्या वाहनाचं लायसन्स चालतं.

मला विचाराल तर पहिलं. चार खाटा हव्याच असतील तर दुसरं, पण टपावरचं पोट काढून टाकून.

श्टुटगार्टचा_जळगावकर

बॉडीवाल्या दादांच्या शेवटच्या ओळीला माझं अनुमोदन. इकडे युरोपात अगदी त्याच प्रकाराची चलती आहे: केबिन कंपनीची, मागे डबा, आणि केबिनच्या वर फक्त उतरतं छत. त्याला सेमी-इंटिग्रेटेड म्हणतात. टपावर खाट असलेली गाडी इथे पोराबाळांचं कुटुंब भाड्याने घेतं, आम्हीही घेतलीय. मुलं खूश, आणि जोराच्या आडव्या वाऱ्यात पुलावर माझे हात स्टिअरिंगला घट्ट चिकटलेले. सपाट तोंडाची पूर्ण इंटिग्रेटेड बहुतेक निवृत्त जोडपी घेतात. तिच्यात चालकाच्या डोक्यावर छताला टांगलेली खाट असते, रात्री खाली ओढायची. सावदेकर, पोराला ही कल्पना सांगून बघा. वरची खाट पण मिळेल आणि टपावरचं पोटही नको.

फरक एक लक्षात घ्या. इथल्या बहुसंख्य गाड्या फियाट ड्युकाटोवर असतात, ती पुढच्या चाकांवर ओढते. इंजिनाचा जोर मागच्या चाकांना नेणारा दांडा, म्हणजे प्रॉपेलर शाफ्ट, नाही, म्हणून डब्याची जमीन खाली आणता येते आणि एका पायरीत आत. आपल्याकडची चेसिस मागच्या चाकांवर चालते, जमीन उंच. यूट्यूबवरच्या जर्मन गाडीत आजीबाई टुणकन आत जाताना दिसतात, तशी अपेक्षा धरू नका.

दुसरं, इथल्या गाड्या इतक्या काटकसरीने बांधतात त्यामागे लायसन्स आहे. साध्या लायसन्सवर 3500 किलोपर्यंतच चालवता येतं, म्हणून कपाटाच्या फळीतसुद्धा ग्रॅम वाचवतात. तुम्हाला 7500 ची मुभा आहे म्हणून सागवान वापरू नका.

आणि मोठ्या काचेबद्दल इथले लोक थंडीची तक्रार करतात, रात्री बाहेरून जाड रजई बांधतात. आपल्याकडे तीच काच दुपारी काय करील ते तुम्हीच ठरवा.

तापीकाठ (भुसावळ)

मी विचारलेलं कोणी मनावर घेत नाही, तर मीच हिशोब मांडतो. नोकरी इलेक्ट्रिक लोको शेडमध्ये झाली, वॅटशिवाय मला झोप लागत नाही.

एक टनाचा एसी चालू असताना साधारण 1000 वॅट ओढतो. रात्रभर आठ तास, कॉम्प्रेसर मधूनमधून बंद होतो ते धरून पाच-सहा युनिट. 12 व्होल्टची 200 अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी म्हणजे जेमतेम अडीच युनिट. म्हणजे पहाटेच्या आधीच आई पदराने वारा घेत बसणार. टपावर 400 वॅटचे सोलर पॅनल टाकले तर चांगल्या उन्हात दिवसाला दीड-दोन युनिट मिळतात. त्यात पंखे, दिवे, मोबाइल, पाण्याचा पंप आरामात भागतं. एसी नाही भागत. तेव्हा एसी लावायचा असेल तिथे बाहेरून वायर ओढायची सोय ठेवा, एखाद्या पाहुण्याच्या मळ्यावर किंवा ओळखीच्या धाब्यावर. जनरेटर घेतला तर शेजारी तंबूतले लोक रात्री दगड मारतील, आणि ते बरोबरच करतील.

म्हणून गाडीचं तोंड निवडताना काच किती आणि ती झाकता येते का, एवढंच बघा. व्हॅनमध्ये किंवा उतरत्या छताच्या डब्यात, केबिन आणि घर यांच्यात एक जाड पडदा किंवा सरकतं दार लावलं की पुढच्या तीन काचांचा ताप बाहेरच राहतो आणि एसीला फक्त मागचं घर थंड करावं लागतं. सपाट तोंडाच्या बसमध्ये ती काच तुमच्या दिवाणखान्यातच आहे.

शहादानी_गाडी (शहादा)

भाऊ, तोरणमाळना घाटवर मना रोजना फेरा शे, म्हणीसन दोन शब्द.

लंबी गाडी घेऊ नका. घाटातली काही वळणं अशी आहेत की लांब गाडीला एका दमात निघता येत नाही, मागे-पुढे करावं लागतं, आणि मागून जीप हॉर्न मारत उभी. यात सपाट तोंडवालीचा एक गुण मान्य करा. ड्रायव्हर अगदी पुढे बसतो, नाक नाही, म्हणजे घर तेवढंच ठेवून गाडी आखूड होते. पण तिच्या पुढच्या चाकाच्या पुढेसुद्धा बॉडी असते, ती वळताना रस्त्याबाहेर झुलते. पहिल्यांदा चालवणाऱ्याचं काळीज हलतं.

आणि उंची. टपावर खाट, तिच्यावर एसी, तिच्यावर सोलर. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत लाइटच्या तारा किती खाली लोंबतात माहीत आहे ना? रेल्वेखालच्या बोगद्यापुढे लोखंडी आडवा बार लावलेला असतो तो वेगळाच. गाडीची एकूण उंची मोजून ड्रायव्हरच्या डोळ्यासमोर चिकटवा, फूट-इंचात आणि मीटरमध्येपण.

चाळीसगावची_सूनबाई

तुमच्या मिसेसच्या प्रश्नाला कोणीच हात घातला नाही म्हणून लिहिते.

व्हॅनमध्ये ओटा बाजूच्या दाराला लागून येतो, दार उघडं ठेवून बाहेर उभं राहूनसुद्धा चहा करता येतो. डब्यात तो बहुतेक मागच्या कोपऱ्यात जातो, मोठा मिळतो, पण वाफ कोंडते. आम्ही भाड्याने घेतली होती त्यात फोडणी दिली की खोकून खोकून सगळे बाहेर. आत फक्त चहा, खिचडी आणि गरम करण्यापुरतंच ठेवा. भरताची वांगी भाजायची, कळण्याच्या भाकरी थापायच्या, शेवभाजीला तर्री आणायची, ते बाहेरच. गाडीच्या अंगाला गुंडाळीचं छप्पर मिळतं, त्याखाली शेगडी मांडायची. त्यासाठी सिलिंडरचा कप्पा बाहेरून उघडणारा हवा, आत त्याची हवा शिरणार नाही असा, आणि खाली तळाला जाळी. गॅस हवेपेक्षा जड, गळला तर खाली साचतो.

संडासाला टाकीची पेटी असते, बाहेरच्या छोट्या दारातून काढून रिकामी करायची. ती पेटी कोण काढणार हे घरातून निघण्याआधी ठरवा. आमच्याकडे यावरून अबोला झाला होता.

सावदेकर_केळीवाला

मंडळी, घरात सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. भाऊ हॉर्नवर गप्प झाला. पोरगा टांगलेल्या खाटेवर राजी आहे. मिसेसने चाळीसगावच्या ताईंना नमस्कार सांगितलाय, आणि संडासाची पेटी माझ्या नावावर लावून टाकलीय.

म्हणजे दोनच उरल्या: अख्खी व्हॅन, किंवा उतरत्या छताचा डबा. बॉडीवाले दादा, आता आईपुरतं सांगा. तिची खाट कुठे टाकायची? मिस्तरी म्हणतो सगळ्यात मागे, तिथे शांत असतं.

आग्रारोड_बॉडी (धुळे)

शांत? मागच्या चाकाच्या मागे लोंबणारा भाग सगळ्यात जास्त उसळतो. खड्ड्यात पुढच्या माणसाला एक हिसका बसला तर तिथे झोपलेला छताकडे बघतो. नियमाने तो भाग दोन चाकांमधल्या अंतराच्या 60 टक्क्यांपेक्षा जास्त ठेवता येत नाही, पण नियमापेक्षाही कमी ठेवा.

आईंची खाट दोन चाकांच्या मधोमध, जमिनीपासून खुर्चीएवढ्या उंचीवर. संडासाचं दार तिथून दोन पावलांवर, आणि त्या दोन पावलांत हाताला लागेल असा उभा दांडा, पाईप जाड घ्या, पकड बसते. बाहेर चढायला खाली सरकणारी रुंद पायरी, एकीऐवजी दोन छोट्या, प्रत्येकीची उंची घरच्या जिन्यापेक्षा कमी. रुग्णवाहिकेला आम्ही लावतो तशाच. दाराच्या दोन्ही अंगांना दांडे, कारण चढताना एक हात लागतो आणि उतरताना दुसरा.

आणि गाडी चालू असताना खाटेवर कोणी झोपायचं नाही, आईसुद्धा. चौघांना चार सीट, तोंड पुढे, बेल्ट चेसिसला किंवा सीटच्या मजबूत चौकटीला बांधलेला. किती झोपतात आणि किती बसून प्रवास करतात हे दोन वेगळे आकडे आहेत, मिस्तरीकडून दोन्ही लिहून घ्या. व्हॅनचा एक फायदा इथेही. दोन मागच्या सीट कंपनीच्याच ठेवता येतात.

उतरत्या छताच्या डब्यात आईंना जास्त मोकळं वाटेल हे खरं. पण जमीन उंच, पायऱ्या वाढतात. व्हॅनमध्ये वावरायला दाटी, पण आत शिरणं सोपं. मी तुमच्या जागी असतो तर व्हॅन, लांबातली, उंच टपाची. एक खाट आईंची खाली, दोघांची लांबीत मागे, आणि पोराला छताची टांगलेली.

पाण्याच्या टाकीचं राहिलं. 100 लिटर म्हणजे 100 किलो, ती मागे लटकवू देऊ नका, मागच्या ॲक्सलच्या जरा पुढे. सगळं बसल्यावर टाक्या भरून, चौघं आत बसून वजनकाट्यावर गाडी न्या. आधी पुढची चाकं काट्यावर, मग मागची, मग पूर्ण. तिन्ही पावत्या घ्या आणि कंपनीच्या प्लेटवर प्रत्येक ॲक्सलचा आकडा असतो त्याच्याशी ताडून बघा. प्लेट इथे टाकली तर मी बघून देतो.

सावदेकर_केळीवाला

उद्या शोरूमला जातो, प्लेटचा फोटो संध्याकाळी टाकतो. आईला सोबत नेतोय, पायरी तीच चढून बघेल.